काजूच्या सीझनात दुधाचं फॅट उतरलं, ते परत कसं आणलं

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मार्च ते मे फेणीच्या भट्ट्या जोरात, बोंडूंचा (काजूच्या फळांचा) रस काढला की चोथा फुकट मिळतो आणि गायी तो अगदी चाटूनपुसून खातात. पण दूध सोसायटीत फॅट घसरायला लागलं, शेण पातळ, आंबूस वासाचं आणि गोठ्यात दुपारी एकही गाय धड रवंथ करताना दिसेना.

कारण असं की गायीच्या मोठ्या पोटात (रूमेन) जंतू चारा आंबवतात, तिथला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा उतरला की आंबटपणा वाढला) साधारण ६ ते ७ हवा. चोथ्यातली साखर जास्त गेली की आम्ल भराभर बनतं आणि पीएच ५.५ च्या आसपास आला की कोंडा-पेंढा पचवणारे जंतू ढेपाळतात. त्यांच्याकडूनच अ‍ॅसिटेट (चारा आंबून बनणारा पदार्थ) येतं आणि त्यातून दुधातलं फॅट बनतं. वर रवंथ कमी म्हणजे लाळही कमी, आणि ही लाळ म्हणजे आम्ल मारणारा फुकटचा सोडाच की हो, दिवसाला १०० लिटरच्या वर!

मग चोथा ताजा द्यायचा बंद, उन्हात कडक वाळवून थोडाच, तोही भाताच्या पेंढ्यात कालवून. सकाळी आधी पेंढा नि हिरवा चारा, मागाहून पेंड, आणि पेंड एकदम न घालता तीन-चार वेळा वाटून. डॉक्टरांना विचारून मोठ्या गायीला रोज १०० ग्रॅम खायचा सोडा पेंडीत. पेंढा फार बारीक कापू नका, चघळायला लागला पाहिजे. शेण आधी घट्ट झालं, फॅट मागनं हळूहळू चढलं. गाय पार खाणंच सोडून बसली असेल तर मात्र हे उपाय करत बसू नका, डॉक्टरच बोलवा.