रंग मागच्या पानावर फुटतोय? चित्राची जाड झेरॉक्स काढा

दिवसभराचा शीण घालवायला रंगवायला बसावे आणि स्केचपेनचा रंग मागच्या चित्रात उतरावा, म्हणजे उलट डोक्याला ताप. स्वस्त रंगपुस्तकांचा कागद पातळ असतो. थेट त्यावर रंगवू नका.

1. 150-160 जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन; आकडा मोठा तितका कागद जाड) कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद, ए-4 मापात घ्या. साधा झेरॉक्सचा कागद 70-80 चाच असतो.
2. ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीला सेक्टर 17 मध्ये, जिथे सोयीचे पडेल तिथे, त्यावर लेझर झेरॉक्स काढा. कागद बाजूच्या ट्रेमधून, एकेक घालायला सांगा. खालच्या ट्रेतून जाड कागद अडकतो. इंकजेटची प्रिंट नको, ओल्या स्केचपेनने तिच्या रेषा बहुधा फिसकटतात.
3. आधी फिकट रंग, मग गडद. स्केचपेन एकाच जागी दोनदापेक्षा जास्त फिरवला की कागदाचे तंतू सुटून वर येतात.

रंगीत पेन्सिली असतील तर हलक्या हाताने तीन-चार थर द्या. सुरुवातीलाच दाबून घासले की मेणाचा थर बसतो, वर दुसरा रंग धरत नाही.

पावसाळ्यात कागद सादळतो (आपल्याकडे काय सादळत नाही म्हणा!), म्हणून झिपच्या पिशवीत ठेवा.

जपायचे एकच: अल्कोहोल मार्करने (अल्कोहोलच्या शाईच्या पेनने) लेझरची काळी रेषासुद्धा पसरू शकते. आधी कोपऱ्यात फिरवून बघा.