विंडोज ११ न घेणाऱ्या लॅपटॉपवर विंडोजचे गेम कसे खेळावेत

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवले. घरगुती वापरकर्त्यांना वेगळी नोंदणी करून सुरक्षेचे अपडेट घेण्यासाठी १३ ऑक्टोबर २०२६ ही मुदत दिली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१६-१७ मध्ये घेतलेले कितीतरी धडधाकट आय-५ लॅपटॉप एकदम अपात्र ठरले. दुकानदार सांगतो, नवीन घ्या. आमचे म्हणणे असे की गेम खेळण्यासाठी तरी लगेच घेऊ नका. त्याच लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून विंडोजचे बहुतेक गेम चालतात. मात्र हात घालण्याआधी दोन गोष्टी तपासाव्या लागतात: ग्राफिक्स चिप आणि गेमची अँटी-चीट, म्हणजे लबाडी रोखणारी, यंत्रणा.

पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर चढवणारे रुफस हे सॉफ्टवेअर वापरून विंडोज ११ ची टीपीएमची अट वगळता येते आणि ते जुन्या मशीनवर चढतेही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्यांच्यासाठी विंडोज सोडता येत नाही, नेमके तेच गेम इथे अडवतात. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही चालू असल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून हा मार्ग आम्ही सुचवत नाही.

हे चालते कसे

विंडोजचा गेम लिनक्सवर थेट चालत नाही. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून विंडोजच्या हाका लिनक्सला समजतील अशा करून देतो. स्टीम हे गेमचे ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये वाइनच्या पायावर प्रोटॉन आणले. त्यात डीएक्सव्हीके नावाचा भाग आहे. गेम डायरेक्ट-एक्सच्या भाषेत चित्र मागतो, डीएक्सव्हीके ती मागणी व्हल्कनच्या भाषेत ग्राफिक्स चिपला सांगते. म्हणून सगळा खेळ व्हल्कनवर येऊन थांबतो. चिपला व्हल्कन नीट येत नसेल, तर रॅम कितीही वाढवा, उपयोग नाही.

आधी चिप बघा

विंडोज अजून चालू असतानाच विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा, ‘डीएक्सडायग’ (dxdiag) लिहून एंटर करा आणि ‘डिस्प्ले’ टॅबमध्ये चिपचे नाव टिपून घ्या. जोड ग्राफिक्स असेल तर ‘रेंडर’ टॅबही बघा.

इंटेलची सहाव्या पिढीपासूनची चिप असेल, म्हणजे एचडी ५२०, ६२० वगैरे, तर व्हल्कन पुरेसे आहे. चौथ्या पिढीपर्यंतच्या चिपमध्ये, म्हणजे एचडी ४०००, ४४००, ४६०० मध्ये ते अर्धवट आहे. पाचवी पिढी काठावर आहे, तिथे गेम लावूनच बघावे.

एनव्हिडियात ९०० मालिकेपासून पुढे सहसा काळजी नाही. ६०० आणि बहुतांश ७०० मालिकेला ४७० क्रमांकाचा जुना ड्रायव्हर लागतो. त्यात व्हल्कन १.२ पर्यंतच आहे आणि प्रोटॉन ८ पासून पुढे व्हल्कन १.३ लागते. अशा कार्डावर प्रोटॉन ७.० निवडावे. ४०० आणि ५०० मालिकेला व्हल्कनच नाही.

प्रोसेसरचाही एक छुपा अडथळा आहे. काही नवे गेम एव्हीएक्स नावाच्या सूचना मागतात. इंटेलच्या पेंटियम आणि सेलेरॉन नावाच्या चिपमध्ये दहाव्या पिढीपर्यंत त्या दिलेल्याच नव्हत्या. असा गेम कुठलाही संदेश न देता उघडल्या उघडल्या बंद होतो. यावर लिनक्समध्येही उपाय नाही.

मग गेम बघा

प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर गेमचे नाव टाका. प्लॅटिनम म्हणजे बिनधास्त, गोल्ड म्हणजे थोड्या खटपटीनंतर नीट, सिल्व्हर म्हणजे किरकोळ दोष पण खेळण्याजोगा, ब्रॉन्झ म्हणजे चालतो पण वारंवार अडतो, बोर्क्ड म्हणजे नाद सोडा. नुसता शेरा बघून थांबू नका. खाली खेळाडूंच्या नोंदी असतात. त्यातल्या तुमच्यासारखीच चिप असलेल्यांच्या आणि गेल्या सहा महिन्यांतल्या नोंदी वाचा. उदाहरणार्थ, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम २०२० मध्ये आला. स्टीमवर तो विंडोजसाठी आहे, पण तो एकट्याने खेळायचा गेम आहे. अँटी-चीट नाही आणि अनरियल इंजिनवर बांधलेला आहे. अशा गेममध्ये प्रश्न फक्त चिपच्या ताकदीचा उरतो.

अडचण असते ती ऑनलाइन गेमची. व्हॅलोरंट, फोर्टनाइट आणि कॉल ऑफ ड्युटी वॉरझोन लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स पूर्वी चालायचा, २०२४ मध्ये लिनक्ससाठी बंद केला. जीटीए ५ ची कथा खेळता येते, पण सप्टेंबर २०२४ पासून त्याचा ऑनलाइन भाग लिनक्सवर बंद आहे. इथे प्रोटॉन कमी पडत नाही, कंपनीने दार बंद ठेवले आहे. कुठल्याही युक्तीने ते उघडायला जाऊ नका, खाते कायमचे बंद होऊ शकते. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ मात्र मुळातच लिनक्ससाठीही बनलेले आहेत.

तयारी

किमान ८ जीबी रॅम आणि एसएसडी असावी. ४ जीबीवर जुने आणि छोटे गेमच चालतील. इंटेलचे अंगचे ग्राफिक्स असेल आणि रॅमची एकच पट्टी लावलेली असेल, तर दुसऱ्या खोबणीत तितक्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी लावा. ही चिप चित्रासाठी त्याच रॅममधून काम करते, त्यामुळे दोन पट्ट्यांनी गेमच्या वेगात लगेच फरक जाणवतो. एवढ्या खर्चात याहून चांगली सुधारणा नाही. पंख्यातली धूळ काढा आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या, नाहीतर मशीन दहा मिनिटांत तापून आपला वेग स्वतःच उतरवते.

सेव्ह केलेले गेम आधी बाहेर काढा. स्टीम क्लाउड असलेल्या गेमचे ते आपोआप येतात. बाकीच्यांचे बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये किंवा लपवलेल्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये असतात. पीसीगेमिंगविकीवर गेमनिहाय जागा दिलेली सापडते.

विंडोज ठेवायचे असेल तर तीन कामे करा. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बंद करून पूर्ण उलगडू द्या. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. मग ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये सी ड्राइव्हवर राइट-क्लिक करून ‘श्रिंक व्हॉल्यूम’मध्ये १०२४०० एमबी, म्हणजे १०० जीबी, मोकळे करा. ही जागा फॉरमॅट करू नका, तशीच रिकामी सोडा.

लिनक्स टाकणे

लिनक्सचे बरेच प्रकार आहेत, नवख्यांसाठी आम्ही लिनक्स मिंट २२ सुचवतो. त्याला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. ८ जीबी रॅम असेल तर सिनॅमन, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा आणि रुफस किंवा बलेना एचरने मिंटची आयएसओ, म्हणजे अख्ख्या इन्स्टॉलरची एकच फाइल, त्यावर चढवा. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाईल.

मशीन सुरू होताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, आसूसवर एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालते. इथे वायफाय, आवाज, टचपॅड तपासून घ्या, मगच इन्स्टॉलर उघडा. ‘मल्टिमीडिया कोडेक’ची चौकट टिक करा. विंडोजशेजारी बसवायचे की पूर्ण डिस्क पुसायची, हा प्रश्न येईल तिथे घाई नको. पूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय दिला की सगळे जाते.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर ‘अपडेट मॅनेजर’मधले सगळे अपडेट घ्या. इंटेल आणि एएमडीला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. एनव्हिडिया असेल तर ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा. ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डासाठी ५८० किंवा त्याखालचा क्रमांक निवडा, कारण ५९० पासून पुढच्या ड्रायव्हरमधून ही कार्डे वगळली आहेत.

सिक्युअर बूट चालू असेल तर हा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि त्यावर चार-पाच ओळी असतात. सगळ्यात वरची ओळ ‘कंटिन्यू बूट’ असते आणि हात सवयीने तिथेच एंटर मारतो. तसे करू नका. खालची ‘एनरोल एमओके’ निवडा, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड आणि शेवटी ‘रीबूट’. वरची ओळ दाबली गेली तर ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालू होत नाही, आणि गेम इंटेलच्या चिपवर रडतखडत चालतो. ‘ड्रायव्हर बसवूनही काही उपयोग झाला नाही’ असे वाटले तर आधी हेच तपासावे.

दोन चिपा असलेल्या लॅपटॉपवर खालच्या पट्टीत एनव्हिडियाचे चिन्ह येते. गेम खेळताना त्यातून ‘परफॉर्मन्स मोड’ घ्या आणि लॉग-आउट करून परत या.

स्टीम लावणे

‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मध्ये स्टीम शोधा. तिथे ‘सिस्टिम पॅकेज’ आणि ‘फ्लॅटपॅक’ असे दोन प्रकार दिसले तर सिस्टिम पॅकेज घ्या. फ्लॅटपॅकला दुसऱ्या डिस्कवरची गेमची जागा परवानगीशिवाय दिसत नाही आणि मग फोल्डर सापडत नाही म्हणून डोके खाजवावे लागते.

स्टीमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कंपॅटिबिलिटी’ उघडा. तिथे सगळ्या गेमसाठी स्टीम प्ले चालू करण्याचा पर्याय दिसत असेल तर तो चालू करा आणि स्टीम पुन्हा उघडा. नव्या स्टीममध्ये तो आधीच चालू असतो. एखाद्याच गेमसाठी प्रोटॉन बदलायचे असेल तर गेमच्या नावावर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘कंपॅटिबिलिटी’, आणि तिथून आवृत्ती निवडा. वर सांगितलेली जुनी एनव्हिडिया कार्डे सोडली तर सुरुवात नेहमी क्रमांकाच्या सगळ्यात नव्या आवृत्तीने करा. ‘एक्सपेरिमेंटल’ दुसरा पर्याय.

पहिल्यांदा गेम उघडताना ‘प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स’ अशी पट्टी सरकताना दिसते. दोन कोअरच्या प्रोसेसरवर तिला बराच वेळ लागू शकतो. ‘स्किप’ करता येते, पण मग तेच काम खेळताना होते आणि दर नव्या दृश्याला गेम अडखळतो. पट्टी भरू द्या.

विंडोजच्या डिस्कवर आधी उतरवलेले गेम तिथूनच चालवण्याचा मोह होतो. टाळा. विंडोजची डिस्क एनटीएफएस पद्धतीची असते आणि प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी जो खोटा सी ड्राइव्ह बनवते, त्याच्या नावातल्या ‘सी’पुढच्या अपूर्णविरामामुळे (:) तिथे गोंधळ होतो. गेमचा फोल्डर लिनक्सच्या ईएक्सटी४ भागावर, स्टीमच्या ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’ फोल्डरात कॉपी करा. मग स्टीमला गेम पुन्हा उतरवायला सांगितले की तो असलेल्या फाइली तपासून उरलेलेच घेतो.

एपिक आणि जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानांतल्या गेमसाठी हिरोइक गेम्स लाँचर वापरा. जुन्या सीडीसाठी किंवा सुट्या इन्स्टॉलरसाठी ल्युट्रिस. व्हल्कन नसलेल्या चिपवरही ल्युट्रिसच कामी येते. गेमच्या वाइन सेटिंगमध्ये ‘डीएक्सव्हीके’ बंद केले की चित्र व्हल्कनऐवजी ओपनजीएल या जुन्या ग्राफिक्स भाषेतून जाते. वेग कमी मिळतो, पण डायरेक्ट-एक्स ९ चे जुने गेम त्यावर खेळता येतात.

बिघडले तर

गेममधल्या चित्रफितीच्या जागी रंगीत उभे पट्टे दिसतात, दूरदर्शनचे प्रसारण बंद असताना दिसायचे तसे. याचा अर्थ गेम खराब नाही, त्या चित्रफितीचा कोडेक, म्हणजे ती उलगडणारा भाग, प्रोटॉनमध्ये नाही. ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधून प्रोटॉनअप-क्यूटी घ्या, त्यातून जीई-प्रोटॉन उतरवा, स्टीम बंद करून उघडा आणि त्या गेमसाठी जीई-प्रोटॉन निवडा.

गेम उघडतच नाही किंवा मायक्रोसॉफ्टची एखादी डीएलएल फाइल मागतो, तेव्हा ती फाइल कुठल्यातरी संकेतस्थळावरून उतरवू नका. प्रोटॉनट्रिक्स बसवा, गेम निवडा आणि हवे ते व्हिज्युअल सी पॅकेज त्यातून घ्या.

काल चालणारा गेम आज चालत नसेल तर त्याचा खोटा सी ड्राइव्ह बिघडला असण्याची शक्यता जास्त. गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अपडेट्स’ उघडा, तिथे त्याचा ॲप क्रमांक दिसेल. स्टीमच्या ‘स्टीमॲप्स’ फोल्डरात ‘कॉम्पॅटडेटा’ आहे, त्यात त्याच क्रमांकाचे फोल्डर सापडेल. ते काढून टाकले की पुढच्या वेळी प्रोटॉन नवे बनवते. पण थांबा, सेव्हही त्यातच असतात. आत ‘पीएफएक्स’, मग ‘ड्राइव्ह-सी’, मग ‘यूजर्स’, मग ‘स्टीमयूजर’ असे उतरत जा. तिथले ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘ॲपडेटा’ आधी बाजूला ठेवा. विंडोजवरून आणलेले सेव्हही याच ठिकाणी टाकायचे असतात.

वेग कमी पडला तर आधी गेमचे रिझोल्यूशन १२८० बाय ७२० करा, मग सावल्या बंद करा, बाकी सेटिंग शेवटी. आणि चार्जर लावून खेळा, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप चिपचा वेग मुद्दाम कमी ठेवतात.