‘ॲक्सिडेंट’ कसा पाहावा

जोसेफ लोझी यांचा १९६७ सालचा ‘ॲक्सिडेंट’ पाहण्यापूर्वी कथानक वाचून घेतले तरी काही बिघडत नाही; कारण मोटारीचा अपघात, त्यात विल्यम या विद्यार्थ्याचा झालेला मृत्यू आणि गाडीतून बाहेर काढलेली ॲना, हे सारे चित्रपट सुरुवातीलाच दाखवून टाकतो. त्यानंतर उलगडत जातो तो भूतकाळ : ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञान शिकवणारा स्टीफन, टेलिव्हिजनवर झळकणारा त्याचा कादंबरीकार सहकारी चार्ली आणि दोघांनाही हवीशी वाटणारी ही ऑस्ट्रियन विद्यार्थिनी.

हॅरॉल्ड पिंटर यांच्या पटकथेत मत्सर कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून कोण काय म्हणतो यापेक्षा ते म्हणताना कोणाचे हात कशात गुंतले आहेत याकडे लक्ष ठेवावे. रविवारच्या दुपारचा प्रसंग तर मागे नेऊन पुन्हा पाहावा. स्टीफनच्या बागेत मंडळी सुस्तावलेली असताना चार्ली विल्यमला त्यांचे कादंबरीतल्यासारखे वर्णन करायला सांगतो आणि विल्यम सांगू लागतो : कोण पहुडले आहे, कोण तण उपटतो आहे. मग त्याच निर्विकार सुरात, स्टीफनचे ऑक्सफर्डमधल्या एका मुलीशी प्रकरण चालू आहे, असेही चार्ली जोडून देतो. प्रत्यक्षात प्रकरण त्याचे स्वतःचे असते, आणि हे पुढे कळल्यावर ती दुपार निराळीच दिसू लागते. पुढे रिकाम्या समजलेल्या आपल्याच घरात स्टीफनला चार्ली आणि ॲना सापडतात, तेव्हा तो भांडत नाही. ऑम्लेट करायला घेतो. स्टीफन झालेल्या डर्क बोगार्ड यांचा अभिनय मला येथे सर्वांत थोर वाटतो.

लंडनमध्ये स्टीफन जुनी प्रेयसी फ्रान्चेस्काला भेटतो, तेथे मात्र कानांवर भिस्त ठेवावी. दोघांचे बोलणे ऐकू येते, पण पडद्यावर त्यांचे ओठ हलत नाहीत.

ॲना फार कमी बोलते आणि आपण तिला पुरुषांच्याच नजरेतून पाहतो. ही मला चित्रपटाची खरी मर्यादा वाटते. अपघाताच्या रात्री स्टीफन तिच्यावर जबरदस्ती करतो, तो प्रसंग पाहण्याची मनाची तयारी असावी आणि नायक म्हणून त्याला सूट देऊ नये. दुसऱ्यांदा पाहताना स्टीफनची गरोदर बायको रोझलिंड हिच्या, म्हणजे व्हिव्हियन मर्चंट यांच्या, चेहऱ्यावरून नजर हलू देऊ नये. नवऱ्याने न सांगितलेले तिला किती कळले आहे, याचा अंदाज तेथेच येतो.