रीबिल्ड लावायच्या आधी

मिररमधली, म्हणजे एकच डेटा दोन्हीकडे ठेवणाऱ्या डिस्कच्या जोडीतली, एक डिस्क गेली की सगळे त्या मेलेल्या डिस्ककडे बघत बसतात, पण धाकधूक वाटायला हवी ती जिवंत डिस्कची, कारण रीबिल्डमध्ये, म्हणजे नव्या डिस्कवर सगळं परत उतरवताना, आता तीच अख्खी वाचली जाणार, ज्या कोपऱ्याला तीन-तीन वर्षं कोणी हात लावला नाही तोसुद्धा. नारायण पेठेत मामेभावाचा फोटो स्टुडिओ आहे, त्याच्या ४ टीबीच्या जोडीचं रीबिल्ड ९१ टक्क्यांवर आपटलं, एका सेक्टरपायी, म्हणजे डिस्कवरच्या डेटाच्या एका छोट्याशा कप्प्यापायी, आणि नवी डिस्क जोडीत न येता नुसती स्पेअर म्हणून बसून राहिली. तेव्हापासून मी काय काय करून घेतो ते सांगतो.

सगळ्यात आधी कामाच्या फायली दुसरीकडे कॉपी. रीबिल्ड त्याच्या क्रमाने वाचत जातं, त्याला हळदीचे फोटो आणि जुन्या सेटअप फायली सारख्याच, क्रम तुम्ही ठरवायचा. मग जिवंत डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट काढा, डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो. त्यात १९७ नंबर म्हणजे पेंडिंग, वाचताना अडलेले सेक्टर आणि १९८ म्हणजे अनकरेक्टेबल, दुरुस्त न होणारे, दोन्ही शून्य असले तर ठीक, पण त्यावर फार विसंबू नका, न वाचलेला सेक्टर खराब आहे हे डिस्कलाही माहीत नसतं, म्हणून अख्खी डिस्क वाचून बघणारी लाँग टेस्ट लावा. १९९, म्हणजे केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुकांचा आकडा, वाढलेला दिसला तर आधी केबल बदला.

टाइमआउटचं, म्हणजे किती वेळ वाट बघून सोडून द्यायचं त्याचं, लोक उलटं करतात. डेस्कटॉप डिस्क एका सेक्टरसाठी मिनिट-दोन मिनिटं झगडत बसते आणि लिनक्स ३० सेकंदांतच कंटाळून तिला रीसेट करतं. दोन्ही डिस्क धडधाकट असताना डिस्कची मर्यादा ७ सेकंदांवर आणणं बरोबर, कारण दुसरीकडून वाचता येतं आणि खराब सेक्टर परत लिहिलाही जातो, पण एकच कॉपी उरलीये तेव्हा तिला झगडू द्या, लिनक्सचा टाइमआउट १८० सेकंद करा. रीबूट झालं की हे परत करायला लागतं, विसरू नका.

सिरीयल नंबरच्या स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढा, कारण रीबूटनंतर लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव बदलून एसडीएचं एसडीबी होतं आणि माणूस चांगलीच डिस्क उपसतो. ४ टीबीला सेकंदाला दीडशे एमबी धरले तरी साडेसात तास लागतात, तेव्हा यूपीएस हवाच, आणि पुण्यात गुरुवारी सकाळी हा उद्योग काढूच नका, मेंटेनन्सला लाईट जाणार.

पेंडिंग सेक्टर निघाले तर रीबिल्ड लावायचंच नाही. ॲरे, म्हणजे ही डिस्कची जोडी, बंद करून डीडीरेस्क्यू या खराब डिस्क कॉपी करायच्या प्रोग्रामने जुनी जिवंत डिस्क नवीवर उतरवा, कुठवर काय वाचून झालं त्याची नोंद असलेली मॅपफाइल पेनड्राइव्हवर ठेवा, आधी सोपं सोपं उचलू द्या आणि हट्टी सेक्टरवरचे रिट्राय शेवटी. झालं की ॲरे चालू करायच्या आधी जुनी काढून ठेवा, दोघींचा यूयूआयडी, म्हणजे ज्यावरून लिनक्स डिस्क ओळखतं तो नंबर, एकच असतो. म्हणजे डिस्क दोन लागतात, एक कॉपीला आणि एक जोडीला, आणायच्याच तर दोन आणा, उगाच परत खेप नको.

आणि मेलेली डिस्क फॉरमॅट करू नका हो, भंगारात तर नकोच. दोघींचा एकच सेक्टर खराब असेल असं सहसा होत नाही, ती बाहेर पडली तोवरचा डेटा तिच्यावर असतोच. मामेभावाचा तो अडकलेला फोटो तिच्यावरच मिळाला, ती मेलेली नव्हतीच, सॅटा केबल सैल होती.