पत्त्याचा फॉर्म करताना या चुका टाळा (त्यातली एक माझी आहे)

कुणी नवा डेव्हलपर “पत्त्याचं व्हॅलिडेशन (भरलेली माहिती बरोबर आहे का याची तपासणी) झालं, बघून घ्या” म्हणाला की मी आधी एकच करते. व्हॉट्सॲपवर आलेला पिन कॉपी करून फॉर्ममध्ये पेस्ट करते: ४११ ०३०. तीन आकडे, स्पेस, तीन आकडे. आपल्याकडे कितीतरी जण पिन असाच लिहितात. फील्डला मॅक्सलेंग्थ, म्हणजे जास्तीत जास्त अक्षरांची मर्यादा, सहा असते. स्पेस धरून अक्षरं होतात सात, मग शेवटचं शून्य गळतं, उरतं ‘४११ ०३’ आणि खाली लाल अक्षरांत “कृपया योग्य पिनकोड टाका”. अहो, योग्यच टाकला होता, तुम्हीच कापलात!

आधी स्पेस काढा, देवनागरी आकडे असतील तर इंग्रजी करून घ्या आणि मग तपासा: पहिला अंक एक ते नऊ, पुढचे पाच शून्य ते नऊ. मॅक्सलेंग्थ मी पिनला लावतच नाही. आणि इनपुटचा टाइप ‘नंबर’ ठेवू नका, टेक्स्टच ठेवा. मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड हवा तर इनपुटमोड न्यूमेरिक आहे की. पिन म्हणजे काही बेरजेची रक्कम नव्हे.

आता माझं पाप. पुण्यातल्या एका मसालेवाल्यांचं ऑनलाइन दुकान मी केलं होतं. घाई होती, म्हणून पिनच्या पहिल्या दोन अंकांवरून राज्य ठरवणारा दहा-बारा ओळींचा तक्ता लिहिला. ४० ते ४४, महाराष्ट्र. राज्य जुळलं नाही तर फॉर्म पुढे जायचा नाही. वाटलं, काय कडक व्हॅलिडेशन केलंय! गोव्याचे पिन ४०३ ने सुरू होतात हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मडगावच्या माणसाने ४०३६०१ टाकून ‘गोवा’ निवडलं की फॉर्म म्हणायचा, पिन आणि राज्य जुळत नाही. लोकांना मसाला हवा होता, त्यांनी मुकाट्याने ‘महाराष्ट्र’ निवडलं. पार्सलं व्यवस्थित पोचली, म्हणून कुणी तक्रारही केली नाही.

बोंब झाली ती जीएसटीत. पुण्याहून गोव्याला माल गेला की आयजीएसटी, म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा कर, लागतो. आमच्या बिलांवर मात्र राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी आणि एसजीएसटी. महिनाअखेरीस रिटर्न भरताना सीएंना दिसलं की पत्त्यात मडगाव, म्हापसा आणि राज्य महाराष्ट्र. तेवीस बिलं रद्द करून नव्याने काढावी लागली. एका गिऱ्हाइकाने तर लँडमार्कच्या फील्डमध्ये लिहून ठेवलं होतं: “महाराष्ट्र न्हय, गोंय.” ते आमच्यापैकी कुणी वाचलंच नव्हतं.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो बसवला टपाल छाटायला, राज्यं ओळखायला नव्हे. पहिले तीन अंक छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. टपाल खात्याच्या लेखी गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो. दमणचा पिनही वलसाडसारखा ३९६ ने सुरू होतो. म्हणून मी आता सरकारच्या ओपन डेटा पोर्टलवरची पूर्ण पिन-यादी वापरते, आणि तीही फक्त सुचवायला. राज्य आपोआप भरा, पण माणसाने बदललं तर बदलू द्या. गावाच्या नावाला तर हे आणखीच लागू, कारण एका पिनखाली दहा-दहा गावं असतात.

दुसरी डोकेदुखी म्हणजे कुठून तरी उचललेले रेजेक्स (कुठली अक्षरं चालतील ते सांगणारे कोडमधले नमुने). कालपर्यंत स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट होती, आता एआय आहे. न वाचता चिकटवायची सवय तीच. ‘फक्त अक्षरं आणि आकडे’ म्हटलं की ‘स. नं. ४५/२’ मधला स्लॅश अडतो. त्याहून गंमत म्हणजे ‘पुणे’ अडतं! युनिकोडच्या (संगणकावर सगळ्या लिपी लिहिण्याच्या मानकाच्या) हिशेबी उकार आणि मात्रा ‘अक्षर’ नाहीत, ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात आहेत. दोन्ही वर्ग घ्या. आणि न दिसणारी अक्षरं सरसकट पुसू नका. कऱ्हाडमधला अर्धा र काही कीबोर्ड झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहितात. ते पुसलं की लेबलवर ‘कर्हाड’ छापून येतं.

बाकीच्या भराभर सांगते. ‘पत्ता किमान वीस अक्षरं’ नको, ‘मु. पो. ओतूर’ एवढ्यावर पोस्टमन घर शोधतो. घर क्रमांक, लँडमार्क सक्तीचे केलेत तर लोक टिंब देतात. जिल्ह्यांची यादी ताजी ठेवा: पालघर २०१४ चा आहे, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर २०२३ चे, अहिल्यानगर २०२४ चं, जुनं नाव टाइप केलं तरी सापडायला हवं. आणि तपासणी सर्व्हरवरही करा. हे अजून सांगावं लागतं!

माझ्याकडे पत्त्यांची एक फाइल आहे, प्रत्येक फॉर्मवर ती चालवते. मडगाव, दमण, स्पेसवाला पिन, देवनागरी आकड्यांचा पिन, दोन्ही प्रकारचं कऱ्हाड, मु. पो. ओतूर. मागच्या आठवड्यात आलेला फॉर्म तिसऱ्याच ओळीवर अडकला.