स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाची विडी सोडवताना

विडी हिसकावणं, पैसे बंद करणं आधी थांबवा. तलफ असह्य झाली की माणूस रस्त्यावरची थोटकं वेचतो. घरच्यांवरचा विश्वास गेला की गोळ्याही नाकारतो.

सुरुवात मानसोपचारतज्ज्ञांपासून करा. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर हे टाळूच नका. विडीच्या धुरामुळे यकृत ही औषधं लवकर मोडतं. धूर थांबला की त्याच डोसचं रक्तातलं प्रमाण काही दिवसांतच वाढतं. जास्त गुंगी, लाळ गळणं, तोल जाणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फिट आली तर थेट दवाखाना. डोस मनाने बदलू नका. निकोटिन गम (विडीची तलफ भागवायला चघळायचा गम) खाल्ला तरी ही वाढ होतेच, कारण परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नव्हे.

उठल्यावर अर्ध्या तासात विडी लागत असेल तर सहसा ४ मिलिग्रॅमचा गम, एरवी २ चा. बहुतेकांचं चुकतं ते चघळण्यात. सावकाश चावायचा, तिखट चुणचुण जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. असा अर्धा तास. भराभर चघळला तर निकोटिन पोटात जातं, मळमळ, उचकी होते आणि माणूस गम टाकून देतो. आधी १५ मिनिटं आणि तोंडात असताना चहा नको.

पहिल्या काही आठवड्यांत चिडचिड, झोपमोड होणारच. पण आवाज ऐकू येणं किंवा संशय वाढला तर ती तलफ समजू नका, डॉक्टरांना गाठा.

तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला: १८००-११-२३५६.