गोडोमध्ये युनिक्स टाइमस्टॅम्प: बरोबर आकडा चुकीचा वाटतो तेव्हा

गोडो 4 या गेम इंजिनमध्ये आत्ताचा युनिक्स टाइमस्टॅम्प (1 जानेवारी 1970 पासून गेलेले सेकंद) हवा असेल तर टाइम.गेट_युनिक्स_टाइम_फ्रॉम_सिस्टम() एवढी एक ओळ पुरते. उत्तर फ्लोटमध्ये (दशांशासह) येतं, पूर्ण सेकंद हवे असतील तर इंटमध्ये बदलून घ्या. जुन्या ट्युटोरियलमध्ये दिसणारं ओएस.गेट_युनिक्स_टाइम() हे गोडो 3 चं, चारमध्ये ते चालणार नाही.

एवढं सोपं असूनही मला याच गोष्टीने रडवलंय. कसं, ते जरा सविस्तर सांगते.

आकडा आला की आपण तो तपासायला जातो. 1970 पासूनचे सेकंद डोळ्यांनी वाचता येत नाहीत, म्हणून टाइम.गेट_डेटटाइम_स्ट्रिंग_फ्रॉम_युनिक्स_टाइम() वापरून तारीख छापतो. ती भारतातल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे दिसते. झालं, आता फंक्शनच बिघडलंय असं वाटायला लागतं. पण ते बरोबर असतं. टाइमस्टॅम्प यूटीसीचा (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेचा), छापलेली तारीखही यूटीसीची, आणि आपण ताडून बघतोय भिंतीवरच्या घड्याळाशी.

इथून माणूस "दुरुस्ती" शोधायला निघतो आणि त्याला गेट_डेटटाइम_डिक्ट_फ्रॉम_सिस्टम() सापडतं. कंसात काही दिलं नाही तर ते स्थानिक वेळ देतं, वर्ष, महिना, तास अशा वेगवेगळ्या भागांच्या डिक्शनरीत. ती डिक्शनरी गेट_युनिक्स_टाइम_फ्रॉम_डेटटाइम_डिक्ट() मध्ये टाकली की आकडा मिळतो आणि छापल्यावर घड्याळाशी तंतोतंत जुळतो! पण हे फंक्शन टाइमझोन बघतच नाही, दिलेली वेळ जशीच्या तशी सेकंदांत मोजतं. म्हणजे हातात आलेला आकडा खऱ्यापेक्षा 19800 सेकंदांनी पुढचा, आणि तोच आपल्याला बरोबर वाटतोय.

बरं, हा बग लगेच दिसतही नाही. सेव्ह करताना आणि तुलना करताना दोन्हीकडे हीच पद्धत असेल, तर चूक चुकीतून वजा होते. रोजचं बक्षीस बरोबर चोवीस तासांनी उघडतं. पुढे कुणीतरी फक्त तुलनेच्या ठिकाणी गेट_युनिक्स_टाइम_फ्रॉम_सिस्टम() वापरतं किंवा सर्व्हरची वेळ आणतं, आणि तेच बक्षीस साडेएकोणतीस तासांनी उघडायला लागतं. यूटीसीच्या मागे असलेल्या देशांतल्या खेळाडूंना ते उलट लवकर मिळतं. यूटीसीवर लावलेल्या टेस्ट मशीनवर तर सगळं हिरवंगार!

अशा वेळी एखादा अनुभवी हमखास सांगतो, "19800 वजा कर आणि पुढे चल." असला सल्ला देणाऱ्यापासून जरा लांबच राहा, कितीही वर्षं काम केलेलं असो. तो आकडा एकाच टाइमझोनचा आहे, आणि काही देशांत तर घड्याळ वर्षातून दोनदा सरकतं.

घाबरू नका, नियम एवढाच: साठवायचं आणि तुलना करायची ती यूटीसीत, स्थानिक वेळ फक्त पडद्यावर दाखवायला. त्यासाठी टाइम.गेट_टाइम_झोन_फ्रॉम_सिस्टम() मधला बायस, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, टाइमस्टॅम्पमध्ये मिळवा. तो मिनिटांत असतो, साठने गुणायला विसरू नका. डिक्शनरीच हवी असेल तर गेट_डेटटाइम_डिक्ट_फ्रॉम_सिस्टम() च्या कंसात ट्रू द्या, मग ती यूटीसीत येते.

कूलडाउन, स्टॉपवॉच वगैरेसाठी मात्र टाइमस्टॅम्प नकोच. सिस्टमचं घड्याळ खेळाडू मागेपुढे करू शकतो, ओएसही ते अधूनमधून जुळवून घेते. तिथे टाइम.गेट_टिक्स_एमसेक(), ते गेम सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद देतं. पैशांचा संबंध असेल तर वेळ सर्व्हरवरूनच.

आणि टाइमस्टॅम्प कधी पॅक्ड फ्लोट 32 अ‍ॅरेत ठेवू नका. एवढ्या मोठ्या आकड्याला 32 बिटांत 128 सेकंदांच्या उड्या पडतात.

तपासायचं असेल तर टाइमस्टॅम्प छापा, गेम बंद करा, मशीनचा फक्त टाइमझोन बदला आणि पुन्हा चालवा. आकडा मधल्या काही सेकंदांनीच वाढला तर ठीक. तासांची उडी दिसली, तर कोडमध्ये कुठेतरी ती डिक्शनरी अजून आहे.